ढगळ सदरा

कॉलेजच्या एकांकिकेचे कपडे शिवायला वाडीतल्या बायका हौसेने येत. त्यांतल्या एक काकी ओठांत टाचण्या धरूनही बोलत. "पोटाक काय खातंस रे? वाऱ्यार उडान जातलंस!" असं मला चिडवत.

एकांकिकेत मी मासेमाराचं काम करत होतो. त्यासाठी काकींनी आपल्या मुलाचा सदरा आणला. त्याची होडी समुद्रात बुडाली होती आणि तो सापडलाच नव्हता. सदरा मला ढगळ झाला. दुसरी बाई कात्री घेऊन पुढे आली, तसा काकींनी तिचा हात धरला. कापड आत दुमडून त्यांनी कच्चे टाके घातले.

"नाटक झाला की उसवून माका दी. तो इलो की तेका होच लागतलो."

प्रयोगात जाळं ओढताना, सदरा फाटेल या भीतीने, मी हात पुरते उचललेच नाहीत.