लाइट गेली आणि माझी सोनी टेबलाखाली शिरली

बायांनो, आज बालवाडीत लाइट गेली. बाकीची पोरं ओरडली, हसली. माझी चार वर्षांची सोनी मात्र टेबलाखाली शिरली, दोन्ही हातांनी डोकं झाकून बसली.

बालवाडीच्या ताईंनी मला बोलावून विचारलं, "घरी मारतेस का हिला?"

"न्हाय ओ ताई, बोटपण लावत न्हाय!"

मग माझं मलाच कळलं. लाइट गेली की कारखान्यातले कापड विणायचे लूम बंद पडतात, मजुरी बुडते, मग हिचा बाप चिडून घरी येतो. मार मी खाते. मला वाटायचं, लहान हाय, तिला काय समजतंय!

हे सांगितल्यावर ताई म्हणाल्या, "या वयात पोरांचा मेंदू घडत असतो गं. रोज मारहाण पाहिली की भीतीच आत बसते. अजून वेळ आहे, पण घर शांत पाहिजे."

घर मी कसं शांत करू? नवऱ्याला हे सांगायलापण भीती वाटते. तुम्हीच सांगा, सोनीला घेऊन माहेरी, वज्रेश्वरीला माझ्या आईकडं जाऊ का?