यादोरावची सही

लिव प्रतिक्षा, मी, तुही आजी, बोलतो तसंच लिव. मधात सुदरवत बसू नोको. मले अक्षर येत नाई, पण बोलता येते, अन् आज माहं डोस्कं तापलं हाय, म्हणून बोलतो.

यादोराव म्हणजे माहा लहाना भाऊ, तुह्या बापाचा मामा. पवनीतल्या अर्ध्या दुकानाच्या पाट्या त्याच्याच हातच्या. धानाच्या गिरणीवरचा बैल त्याचा, शाळेच्या भितीवरचं 'स्वच्छता ठेवा' त्याचं, ट्रकच्या मागचा मोर बी त्याचाच. सबन गावाले तो पेंटर म्हणूनच मालूम. पण बाप्पा, त्याच्या मनात पाट्या नव्हत्याच. त्याच्या मनात चित्राची गोष्ट होती. लहानपणी स्टँडवरून फाटकं-तुटकं चित्राचं पुस्तक आणे, अन् जेवाचं सोडून त्यातल्या घोड्याचे पाय मोजत बसे. माय म्हणे, "या पोराले अन्न नोको, घोडा वाढा."

मंग गोंदिया जिल्हा अलग झाला. तिकडच्या सबन पाट्यावरचं 'जिल्हा भंडारा' पुसून 'जिल्हा गोंदिया' लिवाचं काम निघालं, अन् पेंटर लोकाईची दिवाळी झाली. यादोराव अर्जुनीकडं गेला. तिथं दुपारच्या सुट्टीत एका दुकानाच्या भितीवर त्यानं वाघ काढला, असाच, हात चालते म्हणून. नागपूरचा एक छापखानेवाला तिथं पुस्तकं विकाले आला होता. त्यानं वाघ पाह्यला अन् म्हणे, "मले चित्रकथेचं पुस्तक काढून देता काय?"

तो पावसाळा यादोरावनं माह्या सपरीत, पुढच्या ओसरीवर, काढला. जाड कागद, काळी शाई, बारीक ब्रश. गोष्ट बी त्याचीच. झिपरी नावाची पोट्टी मोहफुलं वेचाले रानात जाते, वाट चुकते, अन् एक म्हातारा वाघ तिले गावाच्या शिवेपर्यंत आणून सोडते. वाघाची एक-एक मिशी तो श्वास रोखून काढे. मी सपरी सारवाले गेली की वरडे, "बाई, हळू! शिंतोडा उडन!" माह्याच घरात मले हळू.

छापखानेवाल्यानं सांगतलं होतं, पानावर नाव टाकाचं नाई. तरी शेवटच्या पानावर, वाघाच्या शेपटीखाली, यानं सही केलीच. एवढीशी. पुस्तक निघालं, स्टँडवर लटकलं. वर छापखान्याचं नाव मोठ्ठं, अन् शेपटीखालची सही छापताना गाळून टाकलेली, मूळ पानावर तेवढी राह्यली. मी म्हटलं, "भांड त्याच्यासंग!" हा म्हणे, "जाऊ दे बाई, वाघ त आला ना." हे असं! याचं नेहमीचंच जाऊ दे!

पुढं छापखाना बंद पडला. त्या माणसानं एक बरं केलं, हातानं काढलेली पानं बांधून एस.टी.च्या पार्सलनं धाडली. यादोरावले त्याच दिवशी लाखांदूरले पाट्या रंगवाले जाचं होतं. त्यानं गठ्ठा स्टँडसमोरच्या वासुदेवरावच्या फ्रेमच्या दुकानात ठेवला. "आलो की नेतो," म्हणे.

तवा चौदा एप्रिल जवळ आली होती. वासुदेवरावच्या दुकानात बाबासाहेबाच्या अन् बुद्धाच्या फोटोले फ्रेम लावाची रांग. त्यात लग्नसराई. मागं लावाचा पुठ्ठा सरला. त्यानं इकडं-तिकडं पाह्यलं, गठ्ठा दिसला. जाड, कडक, एका बाजूनं कोरा. झालं! यादोराव वापस आला तवा दोरी तेवढी राह्यली होती.

"अरे, एक बाजू त कोरीच होती ना यादोभाऊ," वासुदेवराव म्हणे. "अन् चित्र मी आतमंधी केलं. म्हटलं धूळ नाई बसली पाहिजे."

सांग आता, अशा माणसाले काय मारावं? चांगल्या मनानं वाटोळं केलं. अन् हा यादोराव पुन्हा तेच, "जाऊ दे बाई, आता कोणाकोणाच्या भितीवर चढू?"

वर्सं गेली. नोटा बंद झाल्या त्या हिवाळ्यात एक गाडी दारात आली. अर्जुनीच्या भितीवरचा वाघ पाहून पेंटरचं नाव इचारत आलेला, नागपूरचा प्रविण नावाचा माणूस उतरला. लहानपणी त्यानं झिपरीचं पुस्तक वाचलं होतं, अन् आता तो चित्रकथेची हातानं काढलेली पानं गोळा करे, विके, प्रदर्शनात लावे. अशी पानं इकत घेणारी माणसं असतात हे मले त्या दिवशीच समजलं.

"आजी, मला मूळ चित्रं हवीत," तो म्हणे.

"पुस्तक हाय ना तुह्यापाशी?"

"ते छापलेलं. त्याला मोल नाही."

"छापलेलंच त साफ हाय रे बाबा. त्या पानावर पेन्सिलीच्या रेघा, शाईचे डाग, एका कोपऱ्यात माह्या बकरीनं तोंड लावलेलं."

"तेच तर हवं, आजी!"

मी यादोरावकडं पाह्यलं. म्हटलं, याच्यावरचा येडा बी एक भेटला. पण यादोरावचं तोंड असं झालं होतं जसं कोणी त्याची मेलेली माय दाखवतो म्हटलं.

प्रविण म्हणे, सबन पानं जमवा, मी घेतो, नागपूरले लावतो, अन् खाली लिवतो, 'चित्रकार यादोराव, पवनी'. पण यादोरावनं सांगतलं ते शेवटचं सहीचं पान पाह्यजेच. बाकी पानावर नाव नाई, मंग घेणाऱ्याले कसं पटन?

"अरे, माणूस जिता बसला हाय समोर!" मी म्हटलं. "आत्ता सही करते. दहा करते."

"आत्ताची चालत नाही, आजी. त्या वेळची पाहिजे."

"मंग बजारात चाल," मी म्हटलं. "एक-एक पाटीच्या कोपऱ्यात 'यादोराव पेंटर' लिवलेलं दाखवतो."

"ते पाटीवरचं. मला पटतं हो, पण घेणाऱ्याला पटायला पाहिजे."

मी म्हटलं, घेणाऱ्याले आण इकडं, मी पटवतो. पण यादोराव उठलाच होता. आयुष्यात पह्यल्यांदा त्यानं 'जाऊ दे' म्हटलं नाई. पिशवीत नवा पुठ्ठा, खिळे, पकड घेतली, अन् वासुदेवरावले धरून आठवण काढाले लावली, कोणाकोणाले फ्रेम देल्ल्या.

मंग सुरू झाली आमची वरात. घरोघर जाचं, जय भीम, राम राम कराचं, अन् म्हणाचं, "तुमचा फोटो जरासा खोलू काय? मागं माहं चित्र हाय. नवा पुठ्ठा लावून देतो." लोकाईले वाटे, नोटा बंद झाल्या त हा बुढा फोटोमागं लपवलेले पैसे धुंडून राहिला. एका घरच्या बाईनं आमाले चहा पाजला अन् तेवढ्यात मागच्या खोलीत आपल्याच घरच्या सबन फ्रेमा खोलून पाह्यल्या. नोटा निघाल्या नाईत, पान निघालं. रागानं तिनं ते धानाच्या कोठीवर झाकण म्हणून टाकलं. वापस मागतलं त म्हणे, "कोठी उघडी पडन ना!" यादोरावनं पत्र्याचं झाकण आणून देल्लं तवा ते पान सुटलं.

एक फ्रेम कोणाच्यातरी पोरीच्या आंदणात बपेऱ्याले गेली होती. पवनीवरून भंडारा, तिथून तुमसर, तिथून बपेरा. माही कंबर एस.टी.तच राह्यली. तिथं त्या पोरीची सासू रुखमिणी कंबरेवर हात ठेवून उभी. "लग्नातली फ्रेम खोलता? काय वाईट केलं वो आमी तुमचं?" यादोरावनं चित्राची सबन गोष्ट सांगतली, तवा तीच म्हणे, "मंग लवकर खोला, वाघ पाहू द्या." झिपरी वाघाच्या पाठीवर बसली ते पान निघालं. रुखमिणी पदरानं ते पुसाले लागली, अन् यादोराव वरडला, "पुसू नोका!"

असं करत करत उन्हाळा लागला, सबन पानं आली. सहीचं तेवढं नाई. वासुदेवरावले शेवटी आठवलं. कोंढ्याची गोदावरीबाई. तिचा एकुलता एक पोरगा तापानं गेला, तवा त्याचा फोटो मोठा करून आणला होता. कागद पातळ, गुंडाळे. म्हणून त्यानं तो पुठ्ठ्यावर खळीनं चिपकवला होता. कोणत्या बाजूनं, ते आठवत नाई.

प्रविणच्या गाडीनं कोंढ्याले गेलो. गोदावरीबाई माह्याच उमरीची. "ये बायजाबाई," मले म्हणे, अन् पीढा देल्ला. फोटोवरचा हार तिनंच उतरवला. यादोरावनं काच काढली. फोटो पुठ्ठ्याहून जरा लहान होता, म्हणून कडंकडंनं मागचं दिसे. गवताचे शेंडे. अन् एका बाजूले वाघाच्या शेपटीचं टोक.

वासुदेवरावनं कोरी बाजू मागं ठेवून चित्राच्या बाजूवरच पोराले चिपकवलं होतं. सही पोराच्या खांद्याच्या मागं कुठंतरी.

प्रविण त नाचालेच लागला. "हेच! हेच पान! आजी, चिंता नका करू. या फोटोचा मी आधी फोटो काढतो. याच्याहून मोठा, याच्याहून साफ करून देतो. मग हा हळूच सोडवू. थोडा फाटेल, पण तुम्हाला नवा मिळेलच."

गोदावरीबाईनं इचारलं, "तुमाले या चित्राचं छापलेलं पुस्तक भेटलं नाई काय?"

"भेटलं ना. पण ते छापलेलं. मला मूळ पाहिजे."

"मंग मले काहून नवा देता?"

प्रविणनं मोबाइल खिशात घातला. मी खाली पाह्यलं. इतक्या दिवसात त्या माणसाले मी हजार गोष्टी बोलली, पण हे मले सुचलं नव्हतं.

गोदावरीबाई यादोरावकडं वळून म्हणे, "यादोभाऊ, मागचं तुमचं हाय हे बी खरं हाय. तुमच्या हाताची मेहनत मी पाह्यली आता. तुमीच पाहा. तुमाले जमन त काढा."

यादोरावनं बोट ओलं केलं, कोपऱ्याखाली घातलं. जरा उचललं. पोराच्या शर्टाचा रंग वरच्या वर सुटाले लागला, खालून पांढरं दिसलं. तो थांबला. बोटानं कोपरा दाबला, दाबून धरला. लय वेळ. मंग काच पुसली, लावली, मागून आणखी एक नवा पुठ्ठा ठोकला, ओल नाई लागली पाहिजे म्हणून. गोदावरीबाईनं हार चढवला.

वापस येताना गाडीत प्रविण म्हणे, "असू द्या. बाकीची पानं मी घेतो. फक्त खाली 'चित्रकार अज्ञात' लिहावं लागेल."

"अज्ञात म्हणजे काय रे?" मी इचारलं.

"ज्याचं नाव माहीत नाही तो."

"अन् हा कोण बसला हाय तुह्या गाडीत?"

"आजी, तसं नाही. व्यवहारात—"

"गाडी थांबवा," यादोराव म्हणे.

भर उन्हात, ना झाड ना हॉटेल, आमी उतरलो. हा गठ्ठा छातीशी धरून. गाडी गेली. एस.टी.चा पत्ता नाई. माहे पाय भाजून राहिले, डोस्कं फुटून राहिलं. मी म्हटलं, "अरे, इतकी वणवण केली, घराचे पत्रे बदलले असते तुह्या! नाव नाई त नाई, चित्र त लागलं असतं कुठंतरी!"

तो म्हणे, "बाई, छापखानेवाल्यानं नाव लिवलं नाई, ते सोसलं. पण माहीत नाई असं लिवाचं? माहीत असून?"

तूच सांग. मले राग कोणाचा येते हेच समजत नाई. वासुदेवरावचा यावा त तो गरीब. गोदावरीबाईचा यावा त कोणत्या तोंडानं. प्रविण बी चोर नाई, सहीपायी आंधळा झालेला. अन् हा, हा त असाच जन्मला.

याच्या घराचे पत्रे गळतात, म्हणून गठ्ठा माह्या पेटीत. डांबरगोळ्या मी टाकाच्या, उंदरं मी पाहाची. प्रविणनं कोणाले सांगतलं कोण जाणे, अजून बी कुठून कुठून फोन येतात. काल बी आला. कोणी मोठा गोळा करणारा होता. सबन पानं हायत काय, सहीचं हाय काय?

"हाय ना," यादोराव म्हणे. "सहीचं कोंढ्याले हाय, गोदावरीबाईच्या घरी, तिच्या पोराच्या मागं. पाहाचं असन त तिथं जा. चप्पल बाहेर काढजा. दिसाची नाई, पण हाय."

तिकडून काय बोलले त ऐकू आलं नाई. यानं फोन खिशात टाकला.

"ठेवला काय त्यानं?" मी इचारलं.

"ठेवला."

"ठेवन नाई त काय करन? न दिसणाऱ्या सहीचा पत्ता देऊन राहिला तू लोकाईले!"

"हाय ते हायच ना बाई," म्हणे, अन् ब्रश धुवाले गेला.