मावशींची परीक्षा

परळच्या इस्पितळात दर तीन महिन्यांनी आम्हा संधिवातवाल्यांच्या हातांची ताकद मोजतात. माझ्या आधीचा नंबर नेहमी नायगावच्या एका मावशींचा असतो. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. दार उघडंच असतं, त्यामुळे बाकावरून मला आतलं सगळं दिसतं, ऐकू येतं. यंत्राची मूठ दाबताना त्या डोळे मिटतात आणि लगेच विचारतात, "वाढला ना ओ आकडा?"

"बटणं लावता येतात?" डॉक्टरीणबाई विचारतात.

"येतात की!"

"नळ बंद करता येतो?"

"न यायला काय झालं?"

आज सुधारणा दिसली म्हणून बाईंनी त्यांच्या गोळ्या कमी केल्या. बाहेर बाकावर येताच मावशींनी पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. "झाकण काढ रे जरा."

मी ते कसंबसं दातांनी काढलं. "मावशी, मग आत खोटं का सांगितलंत?"

"खोटं कसलं? सकाळी अर्धा तास हात गरम पाण्यात धरते, दुखण्याची गोळी घेते, मग निघते. परीक्षेला कोण तयारीशिवाय जातं?"

आता हे डॉक्टरीणबाईंना सांगावं की गप्प बसावं, मला काही कळेना. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी नेहमीसारखे दोन्ही हात काखेत दाबून गरम केले आणि आत गेलो.