मागं जुंपलेलं इंजिन

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. हे मी चारचौघांत सांगतो, आणि का सांगू नये? पण ती पदवी कर्जत स्टेशनावरच हातची जाणार होती.

लढाईचे दिवस. मुंबईच्या कॉलेजात मला फीमाफीची जागा मिळाली होती. संध्याकाळपर्यंत जातीनं हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. बा पोचवायला निघाला. खोपोलीहून छोट्या गाडीनं कर्जतला आलो. तिथं गाडी बदलायची. दोन फलाटांवर दोन गाड्या उभ्या.

"बा, कुणाला तरी इचारू."

"इचारायचं काय त्यात? जल्म गेला माजा गाडी हाकण्यात. बैल जिकडं, तिकडं गाडी."

एका गाडीला मुंबईच्या अंगानं इंजिन येऊन भिडलं. सगळे डबे हादरले. "जुंपलं बघ! चल, बस." गाडीचं दुसरं टोक आम्ही बघितलंच नाही.

गाडी उलट्या बाजूला निघाली. बा म्हणाला, "मागं सरकंल आदी, मंग पुडं जाईल." ती सरकतच राहिली. समोरून डोंगर अंगावर आला आणि दिवसाढवळ्या डब्यात मिट्ट काळोख झाला.

डब्यात दिवा नव्हता. लोखंडाचा नुसता गडगडाट, आणि जमिनीच्या पोटातली थंडगार ओल. बानं माझं मनगट धरलं. काही केल्या सोडीना. रानात वाघाची डरकाळी ऐकून न हललेला माणूस. तो भ्याला म्हणून मी दुप्पट भ्यालो. मधेच उजेड व्हायचा, खोल दरीत आमचाच मुलूख दिसायचा, शेतं हातरुमालाएवढी. की पुन्हा बोगदा.

खंडाळ्याला कसेबसे उतरलो. बानं बैल-गाडीचा आपला हिशेब सांगितला, तसा हमाल हसायला लागला. "पाटील, घाट चढताना मागनं ढकलायला इंजिन लावतात. बैल मागं बांधून बघा एकदा!" मग म्हणाला, "मुंबईची गाडी येतीय. बसलात तर दिवस मावळायच्या आत पोचाल."

"परत त्या भोकातनं? नाय रं बाबा," बा म्हणाला. "पायी घाट उतरू. सांजच्याला घरी."

"आणि कॉलेज?"

बा घाटाच्या वाटेकडं वळलासुद्धा. खरं सांगतो, माझेही पाय घराकडंच ओढत होते. गाडी आली. तरी दांडी धरून मी चढलो. मागं वळून बघितलं असतं तर उतरलो असतो.

"थांब रं!" बा खिडकीशी धावला. डोक्याचं मुंडासं सोडून माझ्या हातात कोंबलं. "काळोक आला का डोळ्यावर बांध. घाण्याचा बैल डोळं बांदलं का भेत नाय."

साऱ्या बोगद्यांतून मी ते बांधून बसलो. आत बाच्या घामाचा वास होता. भीती गेली नाही. पण हा काळोख निदान घरचा होता. कॉलेजचा कारकून कुलूप लावायला उठला होता तेव्हा मी दारात पोचलो. नाव लागलं.

दिवाळीला घरी गेल्यावर आईनं पुढचं सांगितलं. दिवेलागणीला बा गावात शिरला तो एकटा, उघड्या डोक्यानं. आमच्याकडं बोडक्या डोक्यानं माणूस परततो ते मसणातून. आईनं हंबरडा फोडला. सारी आळी धावली. आणि अंगणाच्या मधोमध बा दोन्ही हात उंच करून ओरडत होता, "अगं, हाय गं, जिता हाय! कालेजात गेलाय!"