नानांची चार मिनिटं

नानांचा स्वतःच्या कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग संपून फाइल तयार झाली की ती सीडीवर घ्यायची, सीडी रुमालात गुंडाळायची आणि गुलमंडीतल्या आमच्या दुकानाचा जिना उतरून समोरच्या सलीमभाईंकडे जायचं, हा त्यांचा नेम होता. सलीमभाई आमचे धंद्यातले प्रतिस्पर्धी. त्यांच्या मशीनवर नाना सुरुवात, मध्य आणि शेवट चालवून बघत. "आपल्या मशीनीवर तर चालतीच. दुश्मनाच्या मशीनीवर चालली तर खरी," असं त्यांचं म्हणणं. सलीमभाई हसून म्हणायचे, "आओ नाना, दुश्मन की चाय पियो."

मी त्यांचा भागीदार झालो तेव्हा फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं म्हणजेच सगळं, असं समजत होतो. नाना वैतागायचे. "अरे, एव्हीआय हा नुसता डबा हाय. आत शिरा हाय का पिठलं, डब्याला काय ठाव?" चित्र दाबून बसवायची रीत म्हणजे कोडेक. ती रीत समोरच्या कॉम्प्युटरला माहीत नसेल तर डबा उघडतो, चित्र मात्र दिसत नाही. एकदा चितेगावचा एक नवरदेव भांडायलाच आला, सीडी काळी दिसते म्हणून. नानांनी शांतपणे विचारलं, "आवाज येतोय ना? मग नवरी सुखरूप हाय. नुसता अंतरपाट धरलाय."

दुष्काळाची ती वर्षं. गावाकडची लग्नं घटली होती, नव्या टेप घेणं जिवावर यायचं. त्यामुळे एकाच टेपवर पुन्हा पुन्हा चित्रण होई. पण सलीमभाईंकडून येऊन नाना टेपवरच्या नावावर काट मारत नाहीत, तोवर तिला हात लावायचा नाही. दुकानात नियम असा हा एकच.

शहर तेव्हा चहूबाजूंनी वाढत होतं. हर्सूलच्या पलीकडे, नळ नसलेल्या एका नव्या वसाहतीत नानांनी दोन खोल्या बांधल्या. वास्तुशांतीला कॅमेरा त्यांनीच धरला होता. पूजा चालू असताना टँकर आला आणि वहिनी शालू खोचून, बादली घेऊन धावल्या. चार मिनिटांचं ते चित्रण. जन्मभर लोकांच्या बायका टिपल्या, आपली एवढीच, असं नाना कौतुकानं सांगायचे.

पुढच्याच उन्हाळ्यात वहिनी आजारी पडल्या. नाना दवाखान्यात आणि दुकानात मी एकटा. लग्नतिथी दाट, टेप एकही मोकळी नाही. मी वास्तुशांतीची टेप कॉम्प्युटरवर घेतली, फाइल काढली, आमच्या मशीनवर चालवली. छान चालली. बाहेर ऊन इतकं होतं की गल्ली ओलांडायचा कंटाळा आला. टेपवरच्या नावावर मीच काट मारली आणि त्या टेपवर एका अनोळखी माणसाचं लग्न उतरवलं.

महिन्याभरात वहिनी गेल्या. त्यानंतर विजेच्या झटक्यानं आमच्या कॉम्प्युटरमधलं, टेपवरचं चित्र आत घेणारं कार्ड जळालं; फाइलींची डिस्क तेवढी वाचली. नव्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली तर पडदा काळा आणि आवाज तेवढा स्वच्छ. मी फाइल त्या जळालेल्या कार्डाच्या कोडेकमध्ये काढली होती. हे सोडवू शकणारा एकच माणूस माझ्या ओळखीचा होता, आणि त्याच्यापासूनच मला ते लपवायचं होतं.

वर्षश्राद्धाच्या आधी नानांनी विचारलं, "ती टँकरची फाइल काढून ठिव बरं. माधुरी येतीय पुण्याहून, आईला बघंल तेवढंच."

"नाना, डिस्क गेली."

"आन् टेप?"

मी काट मारलेली टेप त्यांच्यापुढे ठेवली. नानांनी ती काट बघितली. मग म्हणाले, "गडबडीत व्हतंय असं. मी तरी कुठं होतो दुकानात." दोष त्यांनी स्वतःकडे घेतला आणि मी तो घेऊ दिला.

काही दिवसांनी मान खाली घालून, वायर गुंडाळत त्यांनी पुन्हा विचारलं, "आवाज तरी कुठं उरला असंल का रे?"

फाइल तिथेच, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. मी म्हणालो, "नाही."

त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. सलीमभाईंकडे जाणं हळूहळू सुटलं. "चालतंय, दे," म्हणू लागले. पुढे मोबाईल आले, दुकान बंद झालं आणि एका पावसाळ्यात, पाऊस नसतानाच, नाना गेले. खांदा द्यायला मी होतो.

चौदाव्याला माधुरी म्हणाली, "काका, आईचं काही असेल तर बघा ना." मी घरी येऊन त्या कार्डाचा कोडेक शोधला. फुकट मिळत होता. तेव्हाही मिळत होता. दहा मिनिटांत चित्र उघडलं. वहिनी बादली घेऊन धावताहेत आणि कॅमेऱ्यामागून नाना ओरडताहेत, "अगं, शालू भिजंल!" वहिनी मागे वळून म्हणतात, "भिजू द्या! टँकर काय शालूसाठी थांबतंय व्हय?" आणि चित्र हलू लागतं, कारण नाना हसताहेत.

माधुरीनं ते तीनदा पाहिलं. मग डोळे पुसत विचारलं, "बाबा बघायचे का हो हे?"

"बघायचे," मी म्हणालो.

"खूपदा?"

"खूपदा."

तिनं माझा हात हातात घेतला. "तुम्ही जपून ठेवलंत म्हणून, काका," म्हणाली आणि माझ्या पाया पडली.