आईची केस

बाईंनी टेप मागं घेतला आणि माझ्या आईचं वाक्य पुन्हा लावलं.

"पोरीच्या बाजूला कोन बसत न्हाय. वास येतो बोलतात. मंग ती शालंत जाऊन काय करल?"

वर्ग पुन्हा हसला. पहिल्यांदा तोंड दाबून हसला होता, आता मोकळेपणी. मागच्या बाकावरून कुणीतरी 'कोन बसत न्हाय' असं म्हणूनही पाहिलं. बाई हसल्या. म्हणाल्या, "भाषेकडे लक्ष द्या. पालकांची पार्श्वभूमी इथंच कळते."

मुंबईतलं कॉलेज. बी.एड. झालेल्यांसाठी शालेय समुपदेशनाची पदविका. ऐंशी सालाच्या आगेमागे शाळेत असा कुणी माणूस असतो, हेच आमच्या अर्नाळ्यात ठाऊक नव्हतं. आईला मी सांगितलं होतं, पोरांची दुःखं ऐकायचं शिक्षण आहे. ती म्हणाली, "मंग तुला काम लय मिलल गो." सगळ्या वर्गात कोळ्याची मी एकटी.

प्रात्यक्षिक असं होतं: शाळा सोडलेल्या मुलीच्या घरी जायचं, पालकांची मुलाखत टेप करायची आणि शेवटी शिफारस लिहायची. ती शिफारस मुलीच्या शाळेकडं जायची. मी बाईंना सांगून आमचंच घर घेतलं. धाकटी बहीण आगाशीच्या शाळेत नववीला होती, दिवाळीच्या सुटीनंतर ती गेलीच नव्हती. कॉलेजचं पत्र गेलं तर शाळा तिला परत घेईल, नीट बसवील, एवढीच माझी आशा. वर्गात नाव सांगायचं नाही असा नियम. म्हणून वर्गाला माहीत नव्हतं. बाईंना माहीत होतं.

टेपसमोर बसायचं म्हणून आईनं लुगडं बदललं होतं. बोंबील वाळत घालून आली, हात घासून घासून धुतले, घसा खाकरला आणि मगच बोलली. माझ्या शिक्षणासाठी बोलली.

बाईंनी फळ्यावर लिहिलं. स्वच्छतेचा अभाव. पालकांची उदासीनता. शिफारस: शिवणवर्ग.

मी उठले. "बाई, शेजारी कुणी बसत नाही असं ती सांगतेय. त्या न बसणाऱ्या मुलींबद्दल फळ्यावर काहीच का नाही?"

बाईंनी मान जराशी तिरकी केली. आम्हाला शिकवलेली तीच रीत. समोरचा चिडला की उत्तर द्यायचं नाही, त्याची भावनाच त्याला परत सांगायची. आवाज मऊ ठेवायचा.

"म्हणजे तुम्हाला असं वाटतंय, की त्या मुलीवर अन्याय झालाय."

"वाटत नाही बाई. झालाय."

"तुम्हाला राग येतोय."

"येतोय. ती माझी आई आहे."

बाईंचा मऊ आवाज गेला. "समुपदेशकाला तटस्थ राहता आलं पाहिजे. जमत नसेल तर हा अभ्यासक्रम तुमच्यासाठी नाही. शिफारस उतरवून घ्या आणि बसा."

तटस्थ! ज्याच्या शेजारी सगळे बसतात त्याला काय जातंय तटस्थ राहायला? मी रोज पहाटे साबणानं अंग खरवडून, केसांना वासाचं तेल चोपडून कॉलेजला यायची. का? कुणी शेजारून उठू नये म्हणून. माझ्या बहिणीनं ते केलं नाही, ती घरी बसली. मी केलं, आणि तरी इथं आईवर हसणं ऐकत बसले होते.

पुढं गेले. टेपचं बटण दाबून कॅसेट काढली, पर्समध्ये टाकली.

"शिवणवर्ग मी लिहिणार नाही."

"मग प्रात्यक्षिकाला शून्य."

"द्या."

दिलं. वर्ष गेलं. शिफारस बाईंनीच लिहून आगाशीला पाठवली. धाकटी शाळेत परत गेली नाही, शिवणवर्गालाही नाही. आईबरोबर मासळी घेऊन बाजारात बसते. मी भांडले, पण तिच्या पदरात काही पडलं नाही. ही चीड अजून जात नाही, आणि जावी असं मला वाटतही नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा बसले. त्याच बाईंसमोर. पदविका घेतली, कारण तिच्यावाचून कुठलीही शाळा मला खुर्ची देणार नव्हती. आता ती खुर्ची आहे. मुख्याध्यापक एखाद्या पोरीला पुढं घालून घेऊन येतात. "ही वर्गात यायला तयार नाही. हिला जरा समजवा."

मी पोरीला बसवते, पाणी देते. मग सरांना विचारते, "हिच्या शेजारून कोण उठलं?"

"त्यांचं इथं काय काम?"

"त्यांच्याशीच काम आहे, सर. त्यांना पाठवा. त्यांच्या आईवडिलांना बोलवा. ते येऊन समोर बसेपर्यंत मी हिला काहीही समजावणार नाही."