ठशाशेजारची रेघ

शेजारच्या बारशाला जुनी चांदीची अत्तरदाणी हातोहात फिरत होती. एका वयस्कर बाईंनी अत्तर न लावताच ती वर उचलली आणि तिचं बूड निरखून पाहिलं.

यजमानीणबाईंचा चेहरा उतरला. "खरीच आहे हो चांदी. सासूबाईंच्या वेळची आहे."

"तसं नाही," त्या ओशाळल्या. "आमच्या ह्यांचं काम आहे का, ते बघत होते."

जेवताना त्या माझ्याशेजारी बसल्या, तेव्हा उलगडा झाला. त्यांचा नवरा चांदीचा कारागीर. जन्मभर पेठेतल्या एकाच दुकानासाठी घडवत राहिला. ठसा दुकानाचा उमटायचा, कारागिरानं नाव घालायचं नाही. म्हणून तो ठशाशेजारी तांदळाच्या कणीएवढी तिरपी रेघ मारायचा. आता तो नाही, आणि घरात त्याच्या हातची एक वाटीसुद्धा नाही.

"कधी सापडली ती रेघ?" मी विचारलं.

"एकदाच. एका लग्नात, तबकाखाली. नुसतं बोट फिरवलं. दुसऱ्याची वस्तू, मागणार कशी?"

चांदीवरचा शिक्का मीही आजवर पाहिला, तो चांदी खरी आहे ना एवढंच कळावं म्हणून. घडवणारा हात कुणाचा, हे कधी मनातही आलं नव्हतं.

निघताना दाराशी बाळाच्या आहेरातल्या वाट्या मांडल्या होत्या. काही नव्या, काही जुन्या, काळवंडलेल्या. त्यांच्यासमोरून जाताना बाईंनी दोन्ही हात पदरात घट्ट धरून ठेवले.